आठवं चितळ

१४ मे २०२३

रेनो,

आधी माझ्या हातानं केलेल्या वस्तू लिहितो. ब्लॅकवुड लाकडाचं कपाट, चोवीस खणांचं, एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. शिकारीच्या तपासणी नाक्यावरची वजनाची तिकटी. शिंगं मोजायची पोलादी पट्टी. तिच्यावरच्या रेघा मी स्वतः कोरल्यात आणि दुकानातल्या पट्टीपेक्षा ती बरोबर आहे. सपाट बुडाची होडी, दोन वल्ह्यांसकट. हे टेबल, ज्यावर वही ठेवून लिहितोय. हरणांची अकरा मुंडकी, विकतचे साचे न घेता, प्रत्येकाचा साचा त्या त्या जनावराच्या मापानं घडवून. आणि माझ्या दोनशे चाळीस एकरांभोवतीचं कुंपण, दोन मीटर दहा सेंटिमीटर उंच. चौदा वर्षांत त्यातून एक हरीण आपणहून आत आलं नाही की बाहेर गेलं नाही.

एवढं नक्की आहे. यापुढचं काय नक्की ते मला सांगता येत नाही, म्हणून सुरुवात इथून केली.

तुझा पत्ता तुझ्या बहिणीनं दिला. आढेवेढे घेऊनच दिला. म्हणाली, "तो उत्तरेत चार्टर्स टॉवर्सला सुखात आहे, त्याला सुखात राहू दे." नऊ वर्षं आपण बोललेलो नाही, तेव्हा तिचं चूक नाही.

काम असं आहे. फेब्रुवारीत हेटी लोमॅक्स नावाची मुलगी विद्यापीठातून आली. एकतीस वर्षांची, बूट रानात चालतील असे घातलेले. तिला आमच्या नाक्यावरचे जबडे हवे होते. एप्रिलमध्ये इथे गिप्सलँडला जे जे हॉग हरीण मारलं जातं ते चोवीस तासांत नाक्यावर आणावं लागतं, मी ते तोलतो, मोजतो, वय ठरवायला खालचा जबडा काढून घेतो, हे तुला काय सांगायचं. सरकारी खातं दात बघून झाले की जबडे फेकून देतं. मी फेकत नाही. बावीस वर्षांचे जबडे कपाटात आहेत, प्रत्येकाला तारीख, वजन आणि मारणाऱ्याचं नाव. हेटीनं पहिला खण उघडून एकेक चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, "कॉलिन, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"दिसतंच आहे. शिकलेल्या माणसानं एवढा त्रास घेतला नसता."

दातांच्या मुळाशी रक्तामांसाचा जो अंश उरतो, त्यावरून ती जनावराचं कूळ ठरवते. हॉग की चितळ, की दोन्हींची भेसळ. मी म्हटलं, त्यासाठी मला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे आहेत. ती हसली, पण दात घेऊन गेली.

मी सहज विश्वास ठेवणारा माणूस नाही. एकाच जबड्याचे दोन दात दोन वेगळ्या क्रमांकांनी दिले. १३१ क्रमांकाच्या पाकिटात मेंढीचा दात घातला. दोन मे रोजी निकाल आला. एकाच जबड्याच्या दोन दातांना एकच उत्तर होतं. १३१पुढे लिहिलं होतं : "ही मेंढी आहे. आवडली."

म्हणजे निकाल खरा धरायला हवा. पण तो उलटासुलटा आहे, रेनो. मी तो चार वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी कागद उलटा धरलाय असं वाटलं.

तुझ्या वडिलांनी २०१४ साली आणलेल्या नराचं मुंडकं तुझ्याकडे आहे का? असलं तर कुणाला देऊ नकोस. का ते पुढच्या पत्रात.

कॉलिन ट्रेवेला

४ जून २०२३

रेनो,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितो. मागच्या पत्रात "का ते पुढच्या पत्रात" असं लिहिलं. नोलानं ते वाचून पेन टेबलावर आपटलं. "बायकोला तीस वर्षं असंच टांगून ठेवलंस, आता त्याला नको ठेवूस."

तर, तुझ्या वडिलांचा नर शुद्ध होता.

क्रमांक ११४. आईकडून, बापाकडून, कुठूनही बघ, हॉग. चितळाचा थेंबही नाही. मी हेटीला फोन केला. म्हटलं, "त्याच्या अंगावर ठिपके होते. एप्रिल संपत आला होता, हिवाळी केस आले होते, हॉगचे ठिपके तोवर जायला हवेत, तरी दोन्ही कुशींवर दोन दोन ओळी. मी मोजले होते. डावीकडे सतरा, उजवीकडे चौदा."

"असतील."

"मग?"

"काहींना असतात, कॉलिन."

फोन ठेवल्यावर मी कपाटातून ११४चा जबडा काढला. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात 'संशयित' लिहिलं होतं. शेजारी एक निर्विवाद हॉगचा जबडा ठेवला. पोलादी पट्टीनं मोजले. फरक सापडला नाही. मला आठवतं, २०१४ साली फरक होता. मी टिपलाही होता, 'दाढ किंचित रुंद'. आता ती दाढ रुंद नाही. दाढ बदलत नाही, मग काय बदललं?

ती सकाळ आपल्या दोघांनाही पाठ आहे, पण माझ्या बाजूनं कधी सांगितलेली नाही. पेट्रोलपंपामागच्या नाक्यावर दहा-बारा जण होते. तुझे वडील टाय लावून आले. ते नाक्यावर नेहमी टाय लावूनच यायचे, आणि गाडीतून आधी हरीण नाही, घरी केलेलं सलामी सॉसेज उतरवायचे. म्हणाले, "पोरा, नीट मोज. एकोणऐंशी संपतंय, ही माझी शेवटची मोजणी." डावं शिंग एकोणचाळीस पूर्णांक चार सेंटिमीटर. शिकारी संघाच्या मानाच्या वहीत तिसरा क्रमांक. मी पट्टी खाली ठेवली आणि म्हटलं, "यात चितळ आहे, अल्फिओ. संकर आहे. वहीत जाणार नाही."

त्यांना चेष्टा वाटली. "माझ्या आईच्या तोंडावरही ठिपके होते, तीही चितळ काय?" सगळे हसले. मी हसलो नाही, तेव्हा मग हळूहळू सगळेच हसायचे थांबले. नियमानं तिघांचं मत घ्यायला हवं होतं. कुणी घेतलं नाही; माझ्या शब्दावर तोवर कुणी दुसरं मत मागितलंच नव्हतं. तू पुढे आलास आणि विचारलंस, "इथे चितळ येईल कुठून, कॉलिन?"

मी पट्टी धुवायला नळावर गेलो.

परत आलो तेव्हा तुझ्या वडिलांनी टाय सोडून खिशात घातला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. मी अंत्यविधीला आलो होतो, तुला दिसलो नसेन. चर्चच्या बाहेर, ट्रकच्या पलीकडे उभा होतो.

वहीत त्यांचं नाव परत घालायला हवं. ते मी करीन. पण संघ विचारेल, निकाल बघू. आणि निकालाचा कागद एकच आहे, सगळे क्रमांक एकाखाली एक.

कॉलिन

२५ जून २०२३

रेनो,

मागच्या पत्रात मी एक ओळ गाळली. कागदावरची ९ क्रमांकाची.

क्रमांक ९ म्हणजे माझा नर. एप्रिल २००८, एक्केचाळीस पूर्णांक दोन, वहीतला पहिला. तो मी कुंपण घालायच्या आदल्या वर्षी याच जमिनीवर मारला. त्याचं मुंडकं दिवाणखान्यात आहे, पंधरा वर्षं नव्या माणसाला मी त्याच्याखाली उभं करून शिकवतो : हे बघा, शुद्ध हॉग असं दिसतं.

तो चितळिणीच्या वंशातला आहे.

मी हेटीला म्हटलं, क्रमांकांची अदलाबदल झालीय. ९ आणि ११४. ती चिडली नाही. दुसरा दात मागवला, पुन्हा केलं. तेच. मग शनिवारी गाडी चालवत स्वतः आली, याच टेबलाशी बसली आणि नोलाच्या लॅमिंग्टन केकचे तीन तुकडे खाता खाता मला समजावलं.

"आडनाव बापाकडून येतं ना? तशी एक खूण फक्त आईकडून येते. लेकींमधून पुढे जाते, लेकांपाशी थांबते. समजा, कधीतरी एका चितळ मादीला हॉग नर मिळाला. तिच्या लेकीलाही हॉगच. नातीलाही. सहा-सात पिढ्यांत अंगातलं चितळ पुसलं जातं, शंभरात एक-दोन भाग उरतात. पण ती आईची खूण जशीच्या तशी राहते."

"म्हणजे दिसायला हॉग?"

"दिसायला हॉग, वागायला हॉग. मान खाली घालून झुडपातून पळणार. तुमच्या डोळ्यांची चूक नाही. डोळ्यांना दिसण्यासारखं तिथे काही नाहीच."

मला ती दिलासा देत होती. माझ्या डोक्यात उलटंच झालं. ज्यात चितळ नाही त्यात मला ते दिसलं, आणि ज्यात आहे त्याच्याकडे बोट दाखवून मी लोकांना शुद्ध म्हणजे काय ते शिकवलं. मग बावीस वर्षं मी नेमकं काय बघत होतो?

जाताना तिनं कुंपणाकडे बघितलं. आत सव्वीस आहेत. फाटकावर माझ्या हातची पाटी आहे, 'शुद्ध गिप्सलँड कळप'. याच पाटीवर मी आजवर नऊ जनावरं चांगल्या घरी दिली. ती म्हणाली, "सक्ती नाही, कॉलिन. पण ९ याच जमिनीवरचा. यांचेही केस पाठवाल?" मी म्हटलं, बघतो. तिनं सव्वीस पाकिटं टेबलावर ठेवली आणि गेली.

त्यांच्यात ती खूण निघाली तर ती जनावरं ठेवता येणार नाहीत. बाहेरच्या रानातल्या कळपाला त्यांचा धोका. म्हणजे बंदूक मलाच उचलावी लागणार. आणि ज्यांना मी बाटलीनं दूध पाजलंय ती चौघं त्यातच आहेत.

पाकिटं अजून टेबलावरच आहेत. आम्ही त्यांच्या कडेनं जेवतो.

कॉलिन

१६ जुलै २०२३

रेनो,

तुझं कार्ड मिळालं. पुढे चितळांच्या कळपाचा फोटो, मागे एकच ओळ : "इथे चितळ आलं कुठून, कॉलिन?"

कार्ड तीन दिवस खिडकीत उभं ठेवलं. नोला म्हणाली, "बरोबर प्रश्न आहे. मीही विचारणार होते." मी म्हटलं, तुला काय माहीत? ती म्हणाली, "मला काहीच माहीत नाही. तुझं तोंड माहीत आहे."

सांगतो. हे आधी कुणाला सांगितलेलं नाही.

१९८९. मिसेस पेव्हरेलची प्राणिबाग बंद झाली. तिचं कुंपण मी घातलं होतं, आदल्या वर्षी, चोवीस वर्षांचा असताना. माझं पहिलं मोठं काम. ओढा जिथे कुंपणाखालून जायचा तिथे झुलतं फाटक होतं, पूर आला की पाण्यानं वर उचललं जावं आणि ओसरला की खाली यावं. सगळे जण साखळीवर टांगतात. मी माझ्या डोक्यानं लोखंडी कण्यावर बसवलं. साखळी वाकडी होते, कणा होत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो. तुलाही सांगितलं होतं.

चितळं उत्तरेकडे विकली गेली होती. आठ माद्या, एक नर. तू वडिलांचा गुरांचा ट्रक घेऊन येणार होतास. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. सकाळी तू यायच्या आधी मी कुंपणाची फेरी मारली. फाटक वरच अडकलं होतं. कण्यात एक ओंडका बसला होता. साखळी असती तर लवचीकपणे सुटली असती. खाली चिखलात खुरांचे ठसे होते, बाहेर जाणारे, हॉगच्या खुरापेक्षा बोटभर लांब. एकच जनावर. परत येणारे ठसे नव्हते.

मी ओंडका कापला. फाटक खाली पाडलं. दाताळ्यानं चिखल सारखा केला.

तू ट्रक मागे घेतलास आणि ओरडलास, "आठ माद्या ना?"

मी म्हटलं, "सात. एक काल गेली. पुरली."

तू टोपी काढलीस, रेनो. एका हरणासाठी तू टोपी काढलीस. मिसेस पेव्हरेलनं माझ्या कामाचं कौतुक करणारं पत्र दिलं आणि पुढची दहा वर्षं त्या पत्रावर मला कामं मिळाली.

एकटी मादी, नर नाही, मरेल पहिल्या हिवाळ्यात, असं मी धरलं. मग तसं धरवेना. कुठेही ठिपका दिसला की मी थांबून मोजायचो. तुझ्या वडिलांचा नर तिकटीवर चढला, कुशीवर सतरा ठिपके दिसले, आणि मला वाटलं, आली. पंचवीस वर्षांनी आली. तिथल्या माणसांत एकट्या मलाच माहीत होतं की इथे चितळ असू शकतं. म्हणून मला दिसलं. आणि तू विचारलंस, कुठून. ते एकट्या मलाच माहीत होतं, म्हणून मी नळावर गेलो.

आता हे मला कुणीतरी उलगडून सांग. ठिपके होते. ते मी बनवले नाहीत. चितळ बाहेर होतं, तेही खरं. मग मी तुझ्या वडिलांबद्दल खोटं बोललो का? नाही बोललो. खरं बोललो का? तेही नाही. दोन खऱ्या गोष्टी एकाखाली एक मांडून बेरीज चुकली, असं म्हणावं, तर ती मी ज्या माणसाच्या अंगावर मांडली त्यानं टाय सोडून खिशात घातला.

आणि ती मादी सगळा वेळ कुठे होती? मी कुंपण घातलं तेव्हा तिच्या नाती-पणत्या आत होत्या. दोन मीटर दहा सेंटिमीटर. तिला बाहेर सोडणारं कुंपण माझं आणि तिचा वंश आत जपणारंही माझंच.

रागावून लिही. पण लिही.

कॉलिन

२० ऑगस्ट २०२३

रेनो,

तू लिहिलं नाहीस. ठीक आहे. हे शेवटचं, कारण आता सांगायचं फार उरलेलं नाही.

गेल्या रविवारी संघाची सभा झाली. चौतीस जण होते. मी उभा राहिलो आणि १९८९पासून सगळं सांगितलं, फाटकाच्या कण्यासकट. सांगायला अकरा मिनिटं लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "साखळी लावायची होतीस, कॉलिन." थोडे हसले. मला ते बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही. मग अध्यक्षांनी वही पुढे केली आणि म्हणाले, तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. मी माझ्या नरावर आडवी रेघ मारली, पट्टी धरून. तुझ्या वडिलांचं नाव लिहिलं : अल्फिओ बोर्टोलोत्ती, एप्रिल २०१४, डावं शिंग ३९.४. मी गेल्यामुळे तिसरा नाही, दुसरा क्रमांक लागतो. वहीच्या त्या पानाचा फोटो सोबत आहे. नऊ वर्षं उशिरा. त्यांनी मला पोरा म्हणायचं सोडलं नव्हतं, जायच्या आदल्या महिन्यात, सप्टेंबरात, पंपावर भेटले तेव्हाही म्हणाले होते, "पोरा, कसा आहेस?" हे तुला माहीत नसेल म्हणून लिहिलं.

सव्वीस पाकिटं मंगळवारी टपालात टाकली. जनावरं एकेक करून अरुंद वाटेनं काढली आणि पाठीवरचे केस मुळासकट उपटले. दोन दिवस लागले. एकानं लाथ मारली, बरगडीला, डावीकडे, सातवीला. निकाल सहा आठवड्यांनी. हेटी म्हणते, बहुतेकांत खूण असेल. सगळ्यांत असेल असं नाही. कुठल्यांत, ते मला सांगता येत नाही. रोज सकाळी चहा घेऊन कुंपणापाशी उभा राहतो आणि ओळखायचा प्रयत्न करतो. कान बघतो, शेपटीची पांढरी बाजू बघतो, चाल बघतो. काल एका मादीबद्दल खात्री वाटली, आज ती दुसरीच वाटते. फाटकावरची पाटी उतरवून ठेवलीय. ती नऊ जनावरं ज्या तीन घरी दिली, तिथे फोन केले. दोघांनी शिव्या दिल्या, एकानं चहाला बोलावलं.

उरलं एक. तू ते इथल्या कुणाकडून तरी ऐकशील आणि चुकीचं ऐकशील, म्हणून मीच लिहितो.

पाकिटं टाकायच्या आधीच्या शुक्रवारी डन्स्टन क्रेक आला होता. उत्तरेला त्याचं शिकारीचं खाजगी रान आहे, श्रीमंत लोक पैसे भरून येतात. त्याला सभेबद्दल कळलं नव्हतं, सभा व्हायचीच होती. पण हेटीबद्दल कळलं होतं. टेबलाशी बसला, पाकिटं बघितली, कोरी आहेत ते बघितलं.

"ही गेली नाहीत ना अजून?"

"नाही."

"मग तुझा कळप आज तरी शुद्ध आहे. कागद नाही तर डाग नाही, मित्रा. मी सोमवारी ट्रक आणतो."

"आणि ती पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध म्हणून तुझ्या रानात वाढणार."

"मरणार तर नाहीत तुझ्या हातून. ते बघ ना."

ते मी बघितलं. दोन दिवस तेच बघत होतो. बाटलीवर वाढलेली ती चौघं कुंपणाशी येऊन माझ्या बाहीचं बटण चघळत होती. क्रेक म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. तीच अडचण होती. नोलाला विचारलं. ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही. छप्पर गळतं, एवढंच सांगते."

क्रेकचा आकडा पबमध्ये कुणी साठ हजार सांगेल, कुणी लाखावर नेईल. सव्वीस जनावरं आणि भिंतीवरचं क्रमांक ९चं मुंडकं, पाकिटं चुलीत घालायच्या अटीवर : सत्त्याऐंशी हजार पाचशे डॉलर. मी नाही म्हटलं.

कॉलिन